लाइट गेल्यावर चालणारं ऑफिस

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीतल्या मारुती मंदिर परिसरातल्या एखाद्या बॅटरीच्या दुकानात तासभर बसलं, की आगोट, म्हणजे पावसाआधीची बेगमी, सुरू झाल्याचं कळतं. पूर्वी आगोटीची खरेदी म्हणजे लाकूडफाटा, सुकी मासळी, कडधान्यं, मसाला आणि पडवीला लावायचे झाप. आता त्या यादीत बॅटरी आली आहे. कुणी जुनी बॅटरी रिक्षात घालून तपासायला आणतो, कुणाला डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे कॅन हवे असतात. नवीन गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "किती तास चालेल?"

दुकानदार मालाकडे वळत नाही. तो उलट विचारतो, "काय काय चालवायचंय?"

'घरातली कामाची जागा' या विषयावर लिहायचं म्हणून संपादकांनी फोन केला, तेव्हा त्यांच्या मनात टेबल, खुर्ची, खिडकीतला उजेड असं काही असावं. रत्नागिरीत घरातून काम करणाऱ्या माणसांशी बोलायला लागलं की मात्र टेबल-खुर्ची मागे पडते आणि गप्पा पाच मिनिटांत विजेवर येतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर मुंबई-पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आलेल्यांपैकी काही जण परत गेलेच नाहीत. त्यांच्याआधीपासून इथे राहून काम करणारेही आहेत: हिशेबनीस, नकाशे काढणारे, ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या बाई, सेवा केंद्र चालवणारे. पावसाचे चार महिने या सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येतात, आणि त्या चार महिन्यांत काम चालू ठेवायचं कसं, याचं ज्याचं त्याचं शास्त्र तयार झालं आहे.

वीज बनते तिथलाच अंधार

रत्नागिरी जिल्हा विजेला गरीब नाही. कोयना प्रकल्पाची सुमारे १,९६० मेगावॅटची क्षमता आहे आणि त्याचे बहुतेक संच सह्याद्रीच्या या बाजूला, चिपळूण तालुक्यात पोफळी-अलोरे भागात आहेत. जयगडला १,२०० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आहे. गुहागर तालुक्यात अंजनवेलला जवळपास २,००० मेगावॅटचा गॅसवरचा प्रकल्प आहे, गॅसअभावी तो पुष्कळदा रिकामा बसतो ते सोडा. एवढं असून नाचण्यात किंवा नेवऱ्यात संध्याकाळी पंखा थांबतो तेव्हा "वीज इथेच बनते ना?" हा प्रश्न ठरलेला.

प्रकल्पातली वीज मोठ्या मनोऱ्यांवरून, २२० आणि ४०० केव्हीच्या वाहिन्यांतून, घाट चढून निघून जाते. आपल्या घरी येते ती वेगळ्या वाटेने: ३३ केव्हीची वाहिनी उपकेंद्रात, तिथून ११ केव्हीचा फीडर, फीडरवरून वाडीतला डीपी (रोहित्र) आणि डीपीवरून खांबाखांबाने घर. अडचण असते ती या शेवटच्या तुकड्यात. कोकणातली वस्ती विखुरलेली. एका फीडरला सडा, ओढा, आंब्याची बाग, माडांची वाडी असं सगळं ओलांडत जावं लागतं. बागेतली फांदी तोडायची तर कलमाचा मालक आडवा येतो, कारण त्या फांदीवर त्याचं वर्षाचं उत्पन्न लटकलेलं असतं. मग जूनमध्ये तीच फांदी तारेवर टेकते. माडाची झावळ पडायला तर वाराही लागत नाही.

दुसरं कारण हवेतलं. खांबावर तार ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसलेली असते, त्याच्यावर उन्हाळाभर धूळ आणि समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ साचतं. कोरडं असेपर्यंत ते निरुपद्रवी. पण मृगाची पहिली झिमझिम आली की त्या थराचा ओला लेप होतो, त्यातून वीज वाट काढते आणि फीडर ट्रिप होतो. दिवसभर तापलेल्या इन्सुलेटरवर गार थेंब पडून त्याला तडा जातो, हेही नेहमीचंच. धो धो पाऊस दोन दिवस झाला की इन्सुलेटर धुऊन निघतात आणि वीज त्यामानाने सुधारते. "साध्या शिडकाव्याला लाइट जाते, एवढ्या पावसात कशी राहते?" असं जे लोक चिडून विचारतात, त्याचं उत्तर बरंचसं त्या मिठात आहे.

आणि तडा गेलेला इन्सुलेटर दुरून दिसत नाही. फीडर ट्रिप झाला की उपकेंद्रातून तो एकदा चालू करून पाहतात. पुन्हा पडला तर वायरमन निघतो. एबी स्विच उघडून वाहिनीचे तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात दोष आहे ते ठरवायचं, मग खांबामागून खांब पाहत चालायचं. दोष सापडला की उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं, वाहिनी बंद असल्याची खात्री करून तिला अर्थिंग करायचं आणि मगच खांबावर चढायचं. हे सगळं रात्री, पावसात, चिखलातून. "फोन उचलत नाहीत" ही तक्रार खरी असते, पण फोन ज्याचा वाजतो तो बहुधा खांबावर असतो.

झटका आणि मुक्काम

रत्नागिरीत लाइट दोन तऱ्हेने जाते. एक झटका: दोन सेकंदांसाठी जाऊन येते, दिवसातून दहादा. दुसरा मुक्काम: एकदा गेली की रात्र काढते. या दोन तऱ्हांना दोन वेगळी यंत्रं लागतात, आणि दुकानातला निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

झटक्यासाठी संगणकाचा छोटा यूपीएस. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतो. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते. वीज गेल्यावर काही मिलिसेकंदांत तो बॅटरीवर जातो, त्यामुळे संगणकाला काही कळत नाही. मात्र डेस्कटॉप आणि मॉनिटर धरला तर पंधरा-वीस मिनिटांत तो रडायला लागतो. त्याचं काम तेवढंच आहे: फाइल सेव्ह करा, संगणक नीट बंद करा. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग यूपीएस दिसायला शाबूत असतो आणि लाइट गेल्याक्षणी संगणकासकट मान टाकतो.

मुक्कामासाठी इन्व्हर्टर. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तो घराघरात शिरला. तेव्हाचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी होता, आणि अजूनही पुष्कळ घरांत तोच चालू आहे. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर पंखा गुणगुणतो, आणि काही संगणकांचे पॉवर सप्लाय त्याच्यावर रुसतात. कामासाठी नवीन घ्यायचा तर साइन वेव्हचाच घ्यावा.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटी कळ असते. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. बहुतेक घरांत ती बसवणाऱ्याने ठेवली तशीच असते. यूपीएसवर ठेवली तर बदल झटपट होतो, डेस्कटॉप बंद पडत नाही. पण इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चोखंदळ होतो. साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की तो बाहेरची वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. फीडरच्या टोकाच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज त्याच्याही खाली उतरतं. मग होतं काय, की शेजारी मिणमिणते का होईना दिवे चालू असतात, आणि आपली बॅटरी लाइट असतानाच रिकामी होत राहते. रात्री खरोखर लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर दहा मिनिटं टिकतो आणि शिव्या बॅटरीच्या कंपनीला बसतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला झटक्याचं भय नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने लो व्होल्टेजच्या भागात ही कळ 'नॉर्मल'वर ठेवली, तर निम्मं दुखणं फुकटात बरं होतं.

किती तास चालेल?

दुकानदाराच्या प्रश्नाकडे आता परत येऊ. कुवारबावला राहणाऱ्या एका हिशेबनीस बाईंच्या टेबलावर त्याचं उत्तर मिळालं. पुण्यातल्या काही लहान व्यावसायिकांची जीएसटीची विवरणपत्रं त्या इथून भरतात. महिन्याची २० तारीख आणि आयकराची ३१ जुलै या त्यांच्या कामाच्या कळीच्या तारखा, आणि दुसरी ऐन आषाढ-श्रावणातली.

त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. लॅपटॉप ५० वॅट, जोडीचा मॉनिटर २५, राउटर १०, एलईडी दिवा १०, पंखा ७०. एकूण १६५. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. गुणाकार केला तर १,८०० वॅट-तास. पण तेवढे हाती येत नाहीत. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्य घटतं, आणि वय झालेली बॅटरी पाटीवरच्या आकड्याला जागत नाही. त्यामुळे बाई १,००० ते १,१०० धरतात. म्हणजे सहा-साडेसहा तास.

कागदाच्या खालच्या भागात त्यांनी दुसरा हिशेब मांडला आहे. पंखा बदलून ३० वॅटचा बीएलडीसी बसवला तर आठ-नऊ तास. मॉनिटर आणि पंखा दोन्ही बंद केले तर ७० वॅट, म्हणजे चौदा-पंधरा तास. "दुसरी बॅटरी घेणार होते, पंधरा हजार सांगत होते," त्या म्हणाल्या. "त्याऐवजी पंखा बदलला. आणि लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवरून काढला." लेझर प्रिंटर कागद भाजताना क्षणभर पाचशे-हजार वॅट ओढतो, इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिट्टी मारतो, आणि ती ऐन पावती छापताना.

इथे आणखी एक बारकावा आहे. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहा-पंधरा वॅट खातो. रात्री फक्त राउटर चालू ठेवायचा असेल, तर राउटर खातो तेवढंच इन्व्हर्टर खाऊन टाकतो. त्यासाठी आता राउटरचा वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तळहाताएवढी डबी, आत लिथियमचे सेल. राउटरला १२ व्होल्ट डीसी लागतं आणि ही डबी थेट तेच देते. मध्ये २३० व्होल्ट करून पुन्हा उतरवण्याचा द्राविडी प्राणायाम नाही. हजार-दोन हजारांच्या या डबीने अनेकांचं तीन-चार तासांचं काम भागतं, कारण लॅपटॉप तर स्वतःच्या बॅटरीवर असतोच.

भरण्याचा हिशेब मात्र सगळे विसरतात. शिशाची बॅटरी रिकामी झाली की पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. दिवसभर लाइट नाही, रात्री दोन तास आली, पुन्हा गेली, असं चाललं तर दुसऱ्या दिवशी बॅटरी पाव भरलेलीही नसते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तीन-चार तासांत भरते आणि वजनाला एका हाताने उचलता येते. किंमत मात्र शिशाच्या दुप्पट किंवा जास्त. ज्यांच्याकडे लाइट कमी पण तुकड्यातुकड्याने येते, त्यांना तिचा खरा उपयोग.

खारं वारं आणि पागोळीचं पाणी

शिशाची बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. तेव्हापासून तिचा स्वभाव फारसा बदललेला नाही: तिला पाणी लागतं, हवा लागते, आणि उपाशी ठेवलेलं चालत नाही. कोकणात यात खाऱ्या हवेची भर पडते. भाट्ये-मिऱ्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी भुकटी लवकर धरते. त्या थरातून वीज नीट जात नाही, जोड तापतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवायची, जोड घट्ट करायचा आणि वर पेट्रोलियम जेली चोपडायची. हे करताना आधी इन्व्हर्टर बंद करायचा, आणि हातातली बांगडी-अंगठी काढून ठेवायची.

एक मेकॅनिक इन्व्हर्टरचं झाकण उघडून दाखवत होता. आत बोर्डावर एक वाळलेली पाल, दोन टोकांना चिकटून काळी पडलेली. पावसाळ्यात ऊब शोधत पाली आणि मुंग्या इन्व्हर्टरमध्ये शिरतात. "कंपनीच्या वॉरंटीत पाल येत नाय," तो म्हणाला. जाळी लावली तर हवा अडू नये एवढी विरळ हवी.

पाण्याचा प्रश्न तर दर पावसाळ्यात येतो. दुकानदाराला लोक विचारतात, "पागोळीचं पाणी चालेल ना? पाऊस म्हणजे शुद्धच की." चालत नाही. कौलावरची धूळ, शेवाळ आणि समुद्राजवळच्या पावसात असलेलं मीठ बॅटरीत गेलं की प्लेटा खराब होतात. आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरलेले असतात. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, तेही बॅटरी भरल्यावर, खुणेपर्यंत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ती देवघरात किंवा बंद कपाटात ठेवू नये. जिन्याखाली ठेवण्याची पद्धत आहे, पण जिथे पाणी भरतं तिथे तेही धोक्याचं. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात तळमजल्यावरचं सामान बुडालं, तेव्हा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्याही पाण्याखाली गेल्या. आता तिथे कितीतरी घरांत त्या पहिल्या मजल्यावर दिसतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये, विक्रेत्याकडेच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि मोडीचे पैसे नवीन बॅटरीच्या किमतीत वळते होतात.

छपरावर सूर्य, घरात अंधार

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. ३ किलोवॅटच्या सौर यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे रत्नागिरीच्या बंगल्यांवर निळ्या पाट्या दिसू लागल्या. बसवणाऱ्या अनेकांची समजूत अशी, की आता लाइट गेली तरी आपल्याला फरक पडणार नाही. मग भर दुपारी, लख्ख उन्हात, फीडर पडतो आणि घर बंद.

बिघाड नसतो, यंत्रणाच तशी असते. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून थांबतो. तो थांबला नाही, तर छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि वाहिनी बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला लागेल. जनरेटर किंवा इन्व्हर्टर घरच्या वायरिंगला आडमार्गाने जोडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. लाइट गेल्यावरही सौर वीज हवी तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा. आणि ज्या जुलैत तिची सगळ्यात जास्त गरज, त्या जुलैत आभाळ भरलेलं असतं. बिल कमी करायला सौर उत्तम. पावसाळ्यातल्या बॅकअपचा भार त्याच्यावर टाकू नये.

लाल दिवा

नेवऱ्याकडच्या एका वाडीत एक तरुण मुंबईच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याच्याकडे सगळं आहे: साइन वेव्ह इन्व्हर्टर, लिथियमची बॅटरी, राउटरची डबी. लाइट गेल्यावर त्याच्या घरात दिवासुद्धा लुकलुकत नाही. तरी साधारण दोन तासांनी फायबरच्या डबीवरचा दिवा लाल होतो आणि मीटिंग अर्ध्यावर तुटते.

त्याचा इंटरनेट पुरवणारा केबलवाला नाक्यावरच्या एका किराणा दुकानात स्विच ठेवून आहे. त्या स्विचला दुकानाचीच वीज आणि एक छोटी, जुनी बॅटरी. ती संपली की वाडीतली सगळी घरं एकदम तुटतात, मग कुणाच्या घरात कितीही बॅटऱ्या असोत. ज्यांची फायबर, वाटेत कुठे वीज न लागता, थेट एक्सचेंजपर्यंत जाते, त्यांचं बरं. तिथे जनरेटर असतो. मोबाइलवर यावं, तर टॉवरचंही तेच: त्याच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, पुढे डिझेल पोहोचायला हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक आठवडे वीज नव्हती, तेव्हा लोक नेटवर्कसाठी आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी मैलोन्‌मैल फिरले. महानगरही याला अपवाद नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई सकाळीच बंद पडली, आणि घरून काम करणारे लाखो लोक आपापल्या चालू लॅपटॉपसमोर हात बांधून बसले.

घरातला बॅकअप आपल्या टेबलापुरता असतो. काम मात्र केबलवाल्याच्या, टॉवरवाल्याच्या आणि शेवटी वायरमनच्या विजेवर चालतं. रत्नागिरीतले लोक पहिल्या गोष्टीवर हजारो रुपये घालतात आणि दुसरीबद्दल चौकशीही करत नाहीत. नवीन जोडणी घेताना वेगाचे आकडे सगळे विचारतात, "तुमचा स्विच कुठे आहे आणि त्याला बॅटरी किती?" असं क्वचित कुणी विचारतं.

नेवऱ्याच्या त्या तरुणाने शेवटी विचारलं. स्विच आणि त्याच्या जोडीची यंत्रं मिळून तीस-एक वॅट खातात. १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी त्यांना अख्खी रात्र आणि पुढचा बराच दिवस पुरते. वाडीत घरून काम करणारी, ऑनलाइन शिकणारी मुलं असलेली अशी दहा-बारा घरं निघाली. वर्गणी काढून बॅटरी घ्यायची, किराणावाल्याने जागा द्यायची, केबलवाल्याने पाणी घालून निगा राखायची, असं ठरलं. माणशी हजार-बाराशे पडले. होळीच्या सहाणेला, देवळाच्या पत्र्याला, नमनाच्या मंडळाला वर्गणी काढणाऱ्या वाडीला हा व्यवहार नवा नव्हता. अडलं ते फक्त एका मुद्द्यावर: ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांनी वर्गणी का द्यावी. त्यावर वाडीच्या बैठकीत बराच वेळ वाद झाला आणि ज्येष्ठांनी तोडगा काढला, की त्यांनी पैसे देऊ नयेत, पण तारेवर येणाऱ्या आपापल्या झाडांच्या फांद्या मृगाआधी तोडू द्याव्यात.